उंदीर, घूस आणि छर्ऱ्याची बंदूक

पुणे–सोलापूर महामार्गाने सावळेश्वरचा टोलनाका ओलांडून सोलापुराकडे निघाले असता मोहोळ तालुक्यात चिंचोळीची जी औद्योगिक वसाहत लागते, तिच्या आत यंत्रांचे सुटे भाग, रसायने, औषधांचा कच्चा माल आणि कापड अशा नाना वस्तूंचे उत्पादन अहोरात्र चालत असले, तरी तिच्या कुंपणाबाहेर अजून ज्वारीची राने, उसाचे फड आणि द्राक्ष-डाळिंबांच्या बागा यांचाच अंमल आहे. आणि शेती व कारखाना यांच्या या सरहद्दीवर ज्या प्राण्याची सर्वांत अधिक भरभराट झाली, तो प्राणी म्हणजे उंदीर. रानात त्याला दाणा मिळतो, उपाहारगृहाच्या मागील अंगास उष्टे मिळते, गटारात पाणी मिळते, आणि सुताच्या व कापडाच्या गठ्ठ्यांत पिले घालण्यास इतकी मऊ जागा मिळते की, ती पाहून त्याच्या पूर्वजांनी दगडामातीच्या धाब्याच्या घरांत दिवस कसे काढले असतील याचेच आश्चर्य वाटावे. अशा वसाहतीच्या लगत घर किंवा मळ्यातील वस्ती असलेल्या गृहस्थाच्या मनात, सापळे लावून व गोळ्या टाकून कंटाळल्यावर, एके दिवशी छर्ऱ्याच्या बंदुकीचा विचार येतो. तो विचार अगदीच अडाणीपणाचा आहे असे मी म्हणणार नाही. परंतु दुकानात जाऊन ‘सर्वांत जोराची दाखवा’ असे म्हणण्यापूर्वी त्याने काही गोष्टींचा निवाडा घरीच करून जाणे इष्ट आहे.

पहिला निवाडा शत्रूचा. उंदीर म्हणून आपण ज्यांना सरसकट शिव्या देतो, त्यांत वस्तुतः निरनिराळ्या स्वभावांचे जीव असतात. एक घरातला काळा उंदीर. तो चढणारा, पत्र्याखालच्या कैच्यांवरून, विजेच्या तारांवरून व माळ्यावरून संचार करणारा, अंगाने हलका आणि शेपटीने लांब. दुसरी घूस, ती खणणारी, जोत्याखालची माती उकरून फरशी खचविणारी, पाण्याच्या नळाशेजारी व गोठ्याच्या भिंतीला बिळे पाडणारी, अंगाने जाड आणि चालीने काहीशी बेदरकार. प्राणिशास्त्राच्या पुस्तकात हा भेद दातांच्या व कवटीच्या मापांवरून सांगितला जातो; बंदूक घेऊ इच्छिणाऱ्या माणसास मात्र तो एका साध्या गोष्टीवरून ध्यानात ठेवता येतो, आणि ती गोष्ट अशी की, काळा उंदीर बहुधा आपल्या डोक्याच्या वर असतो आणि घूस बहुधा आपल्या पायांच्या पातळीवर असते. वर रोखलेल्या बंदुकीचा चुकलेला छर्रा पत्रा फोडून किंवा खिडकीतून निसटून शेजाऱ्याच्या अंगणात जातो. खाली रोखलेल्या बंदुकीचा चुकलेला छर्रा मातीत रुततो. एवढ्या एका विचारानेच बंदुकीचे कार्यक्षेत्र अर्ध्याहून कमी होते. माळ्यावरच्या उंदरासाठी सापळा आहे, पिंजरा आहे, मांजर आहे. बंदूक जर कोणासाठी असेलच, तर ती अंगणातल्या आणि गोठ्यामागच्या घुशीसाठी आहे.

उपद्रव क्षुल्लक आहे असे मात्र कोणी समजू नये. बीड जिल्ह्यातील मामला या खेड्यात १९९४ साली ग्रंथिक सन्निपाताने, म्हणजे ज्याला आपले आजे-पणजे धसक्याने ‘पलेग’ म्हणत त्या रोगाने, इतक्या वर्षांनंतर पुन्हा डोके वर काढले, तेव्हा उंदीर आणि माणूस यांचा हिशेब अजून चुकता झालेला नाही याची जाणीव साऱ्या मराठवाड्याला झाली होती. पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिसची भीती असतेच. शिवाय विजेच्या तारेचे वेष्टण कुरतडले गेल्याने होणारा विद्युत्प्रवाहाचा घोटाळा ही रसायनांच्या शेजारात काही हसण्यावारी नेण्याची बाब नव्हे.

आता कायद्याकडे वळू. आपला शस्त्र अधिनियम १९५९ सालचा. त्याखाली १९६२ मध्ये जे नियम झाले, त्यांत हवेच्या बंदुकीची परीक्षा मोठी सुतारी थाटाची होती: मऊ लाकडाची एक इंच जाडीची, बारा इंच चौरस फळी पाच फुटांवर उभी करावयाची, आणि छर्रा तिच्या आरपार गेला नाही तर बंदूक सौम्य समजावयाची. पुढे २०१६ च्या नियमांनी फळी काढून टाकली व तिच्या जागी दोन मोजमापे आणली. नळीचा व्यास साडेचार मिलिमीटर, म्हणजे दुकानदार ज्याला ‘पॉइंट वन सेव्हन सेव्हन’ म्हणतो तो, याहून अधिक नसावा. आणि नळीच्या तोंडाशी छर्ऱ्याची ऊर्जा वीस जूलांहून अधिक नसावी. या दोन्ही मर्यादांच्या आत असलेल्या बंदुकीस परवान्यातून सूट आहे. त्यांपैकी एकही ओलांडली की प्रकरण परवान्याच्या दप्तरात जाते, आणि विनापरवाना बाळगल्यास पंचनामा, जप्ती व मुद्देमाल या मार्गाने पुढे जाते. साडेपाच मिलिमीटरची जाड नळी घुशीला अधिक मानवते असे कोणी सांगितले, तर ते एखादे वेळी खरेही असेल; पण परवाना हाती नसलेल्या माणसाने त्या वाटेस जाऊ नये.

वीस जूल म्हणजे किती, हे समजून घेतले तर जाहिरातींतील पुष्कळशी बढाई आपोआप उघडी पडते. साडेचार मिलिमीटरचा साधा शिशाचा छर्रा सुमारे अर्ध्या ग्रॅमचा असतो. वस्तुमानाला वेगाच्या वर्गाने गुणून त्याचे अर्धे केले की ऊर्जा मिळते, हे शाळेतील सूत्र लावले असता अर्ध्या ग्रॅमच्या छर्ऱ्याला वीस जूल गाठण्यासाठी सेकंदास सुमारे २८० मीटर वेग लागतो. आता खोक्यावर मोठ्या अक्षरांत ‘१००० फूट प्रतिसेकंद’ असे छापलेले असते. म्हणजे सुमारे ३०५ मीटर. साध्या छर्ऱ्याने हा वेग खरोखरच मिळत असेल, तर ऊर्जा तेवीस जूलांवर जाते आणि बंदूक कायद्याच्या हद्दीबाहेर पडते. आणि बंदूक हद्दीत असेल, तर तो आकडा शिशाच्या नव्हे, एखाद्या हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्याने काढलेला असतो, जो घरी कोणी वापरत नाही. दोहोंपैकी कोणतीही गोष्ट खरी मानली, तरी तो आकडा गिऱ्हाइकाच्या उपयोगाचा राहत नाही. शिवाय छर्रा ध्वनीच्या वेगाजवळ पोहोचला की त्याचे उड्डाण डगमगू लागते. कंबरेत बारीक व मागे घेरदार असा त्याचा आकार त्या वेगासाठी घडविलेलाच नसतो.

हवेची बंदूक हे मुलांचे खेळणे, असाही एक समज आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाच्या सैन्याने जिराँदोनी नावाच्या कारागिराची हवेवर चालणारी रायफल शिपायांच्या हाती दिली होती, एवढे सांगितले म्हणजे त्या समजाचे निराकरण व्हावे. वीस जूलांच्या आतील छर्रासुद्धा डोळा फोडू शकतो आणि कवटीच्या पातळ भागातून आत शिरू शकतो.

ज्यावर नेम धरावयाचा, त्या प्राण्याविषयीही कायद्याचे म्हणणे आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात पूर्वी एक पाचवी अनुसूची होती आणि तीत कावळा, फळे खाणारी वटवाघळे, उंदीर व घुशी यांसारखे प्राणी ‘उपद्रवी’ म्हणून नोंदलेले होते. २०२२ च्या दुरुस्तीने, जी १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली, ती अनुसूचीच गेली. आता एखादा प्राणी उपद्रवी ठरवावयाचा तर सरकारने तशी स्वतंत्र अधिसूचना काढावी लागते. घरातील उंदीर व घूस यांना त्यामुळे काही संरक्षण प्राप्त झाले नाही. परंतु कावळ्यावर, वटवाघळावर, खारीवर किंवा वानरावर ‘हे तर उपद्रवीच’ या जुन्या समजुतीने बंदूक उचलण्याची मुभा मात्र उरलेली नाही. आणि चिंचोळीच्या परिसरात या बाबतीत दुप्पट सावध असावे लागते. कारण उत्तर सोलापूर तालुक्यातील नान्नजच्या माळरानासाठी १९७९ मध्ये जे माळढोक अभयारण्य घोषित झाले, ते या वसाहतीपासून काही दूर देशी नाही. तोच हा कोरडा, गवताळ, उघडा मुलूख, जेथे काळवीट चरते, लांडगा फिरतो, खोकड रात्री बिळातून बाहेर येते, आणि आपण ज्या उंदरांना कंटाळलो आहोत त्यांच्यावरच धामण, मुंगूस व गव्हाणी घुबड आपली उपजीविका करतात. संधिप्रकाशात कुंपणाशी काही तरी हलले आणि ‘घूस असावी’ म्हणून चाप ओढला, तर घुशीच्या जागी मुंगूस निघाल्यास गुन्हा तर होतोच, पण घुशींचा फुकट राबणारा एक वैरीही आपण आपल्या हाताने कमी करतो, आणि हा दुसरा तोटा मला पहिल्याहून मोठा वाटतो.

या बंदुकीने पाखरांचा किती संहार केला आहे, याचा दाखला अरुणाचल प्रदेशात मिळतो. तेथे २०२१ च्या मार्चमध्ये पूर्व कामेंग जिल्ह्यातील लुमडुंग गावापासून हवेच्या बंदुका स्वेच्छेने सरकारजमा करण्याची मोहीम सुरू झाली, आणि पुढे गावोगावच्या लोकांनी दोन हजारांहून अधिक बंदुका आणून दिल्या. उलटपक्षी, मुंबईत गेल्या शतकाच्या आरंभी सालिम अली नावाच्या एका मुलाने अशाच बंदुकीने एक चिमणी पाडली, तिच्या गळ्यावरचा पिवळा ठिपका पाहून तो चक्रावला, आणि तिची जात विचारण्यासाठी निसर्ग इतिहास मंडळाच्या दारात गेला, ही कथा सर्वविश्रुत आहे. तिचा उपयोग कोणी मुलांच्या हाती बंदूक देण्याच्या समर्थनार्थ करू नये. सालिम अली एकच झाला. बाकीच्या मुलांनी पाडलेल्या चिमण्यांची नोंद कोणी ठेवलेली नाही.

आता प्रत्यक्ष निवडीचा प्रश्न. विश्वसनीय बंदूक कोणती, याचे उत्तर मी एका वाक्यात देईन: जी दर वेळी तेच करते ती. आज दहा मीटरांवर छर्रा जेथे बसला, तेथेच उद्या बसावा, मे महिन्यात बसावा आणि पौषातही बसावा. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचे विश्वविजेतेपद मिळविले, तेव्हा ज्या लक्ष्यावर तो नेम धरीत होता त्याच्या मधल्या ठिपक्याचा व्यास अर्धा मिलिमीटर असतो, आणि त्या स्पर्धेतील बंदुकांची ऊर्जा जेमतेम सात-आठ जूल असते. तसली बंदूक घुशीसाठी घ्यावी असे कोणी म्हणणार नाही, कारण तिची किंमत घुशीने केलेल्या आयुष्यभराच्या नुकसानीपेक्षा जास्त भरेल. परंतु जोर आणि अचूकता या दोन वस्तू भिन्न आहेत, हे तिच्यावरून स्पष्ट होते. दहा-पंधरा मीटरांच्या आत घुशीच्या मस्तकावर बसलेला दहा-बारा जूलांचा छर्रा काम पुरे करतो. पोटात बसलेला वीस जूलांचा छर्रा घुशीला बिळात नेऊन मारतो, आणि पुढचे आठ दिवस घराला तिचा वास घेत राहावे लागते.

हवा दाबण्याच्या रीतीवरून या बंदुकांचे प्रकार पडतात, आणि सोलापूरच्या हवेत त्या प्रत्येकाची कसोटी निराळी लागते. कार्बन डायऑक्साइडच्या छोट्या नळकांड्यांवर चालणाऱ्या बंदुका येथे मुळीच घेऊ नयेत. त्या वायूचा द्रव व वाफ यांचा मेळ एकतीस अंश सेल्सिअसपर्यंतच टिकतो; त्यापुढे नळकांड्यातील दाब उष्णतेबरोबर बेफाम वाढतो, आणि ज्या गावी उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो, तेथे सकाळी जुळविलेला नेम दुपारी कामाचा राहत नाही.

दुसरा प्रकार आधी भरून ठेवलेल्या उच्च दाबाच्या हवेचा. याला दुकानदार ‘पीसीपी’ म्हणतात. यात धक्का जवळजवळ नसतो, आवाज थोडा असतो, अचूकता उत्कृष्ट असते. परंतु तिच्या टाकीत सुमारे दोनशे बार दाबाची हवा लागते. वसाहतीतील कोणत्याही कारखान्यात मिळणारा साधा कॉम्प्रेसर सात-दहा बारांवर थकतो, तेव्हा हातपंपाने घाम गाळणे किंवा खास कॉम्प्रेसर घेणे भाग पडते. येथे एक इशारा ठळकपणे द्यावासा वाटतो. वेल्डिंगच्या प्रत्येक दुकानात ऑक्सिजनचे सिलिंडर उभे असते, त्यातील दाब बंदुकीला पुरेसा दिसतो, आणि ‘हवाच ती, काय फरक पडतो’ असे म्हणणारा एखादा हुन्नरी मित्रही भेटतोच. त्याचे ऐकू नये. उच्च दाबाचा ऑक्सिजन आणि तेलाचा अंश एकत्र आले की टाकी हातातच फुटू शकते. ज्याला घुशी दोन-चारच आहेत, त्याने या प्रकाराच्या नादी लागू नये, हे माझे मत आहे.

राहता राहिली स्प्रिंगची बंदूक. नळी मध्यावर मोडून खाली ओढली की आतील दट्ट्या मागे सरकतो व जाड स्प्रिंग दाबली जाते. चाप ओढताच तीच दट्ट्याला पुढे लोटते, आणि सायकलच्या पंपात व्हावे तसे हवा दाबली जाऊन छर्ऱ्यामागे सुटते. यंत्र साधे आहे, बाहेरून काही भरावे लागत नाही, आणि उष्णतेने स्प्रिंगचा स्वभाव फारसा बदलत नाही. काही बंदुकांत स्प्रिंगऐवजी कोंडलेला वायू असतो. तो गुळगुळीत चालतो खरा, पण वायूचा दाब तापमानाबरोबर वाढतो, आणि पौषातील पहाट व वैशाखातील दुपार यांच्यात येथे जो बत्तीस-तेहतीस अंशांचा फरक पडतो, त्याने दाबात सुमारे एकदशांशाने अंतर येते. हे अंतर घातक नाही; नेम मात्र ऋतुमानाप्रमाणे पुन्हा जुळवावा लागतो. जुन्या देशी बंदुकांच्या दट्ट्यावर चामड्याचे वायसर असे; ते उन्हाळ्यात सुकून आक्रसते आणि तेलाचा थेंब मागते. नव्या बंदुकांत कृत्रिम वायसर असते आणि त्याला तेल नको असते. हा भेद न समजल्यामुळे पुष्कळ लोक नव्या बंदुकीत सढळ हाताने तेल ओततात, आणि मग दबलेल्या हवेच्या उष्णतेने ते तेल आतच पेट घेते: मोठा आवाज होतो, नळीतून धूर येतो, छर्रा भलत्याच वेगाने जातो, स्प्रिंग खचते. पाहणाऱ्याला बंदूक जोरात आल्यासारखी वाटते. वस्तुतः ती आपले आयुष्य जाळीत असते.

स्प्रिंगच्या बंदुकीची एक खोड सांगितली पाहिजे, कारण चांगल्या बंदुका ‘नेम धरीत नाहीत’ म्हणून परत आणल्या जातात त्या बहुधा याच खोडीमुळे. साधी काडतुसी बंदूक मागे धक्का देते. ही आधी मागे देते आणि दट्ट्या नळीच्या टोकाशी थांबताच पुढे देते, आणि हे सारे छर्रा नळीतच असताना घडते. तिला घट्ट आवळून धरले तर हाताची प्रत्येक वेळची निराळी पकड नेमात उतरते. दस्ता तळहातावर नुसता टेकवून, तिला हवी तशी हलू द्यावी, म्हणजे ती दर वेळी सारखीच हलते. याच दुहेरी धक्क्याने साधी दुर्बीण काही दिवसांत सैल होते. तेव्हा दुर्बीण बसवावयाचीच असेल, तर ती स्प्रिंगच्या बंदुकीसाठी बनविलेली आहे असे लिहिलेले पाहूनच घ्यावी. पण दहा-बारा मीटरांसाठी लोखंडी माशी व खाच पुरे, असे मला वाटते. दुर्बीण नळीच्या सुमारे चार सेंटिमीटर वर बसते. वीस मीटरांवर नेम जुळविला असेल तर पाच मीटरांवर छर्रा दृष्टिरेषेच्या सुमारे दोन सेंटिमीटर खाली लागतो, आणि घुशीचे मस्तक किती मोठे असते याचा विचार केला म्हणजे दाराशी आलेली घूस का वाचते आणि कुंपणापाशी असलेली का मरते, हे कोडे सुटते. जवळच्या नेमाला उंच धरावे लागते, ही गोष्ट नवशिक्याला कधीच पटत नाही.

देशी कारखानदारीचा येथे ओझरता उल्लेख केला पाहिजे. सोलापुरात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९२६ मध्ये ज्या इंडियन ह्यूम पाइप कंपनीची स्थापना केली, तिने सिमेंटच्या नळांबरोबर पुढे एअर रायफलीही बनविल्या, आणि ‘आयएचपी’ अशी अक्षरे असलेल्या त्या बंदुका जुन्या बागाइतदारांच्या घरी अजून भिंतीवर टांगलेल्या आढळतात. आज ठाण्याच्या प्रीसिहोलसारख्या कंपन्या या देशातच चांगल्या नळ्या कोरतात. परदेशी नावाचा मोह अनेकांना असतो. माझ्या मते ज्या बंदुकीची स्प्रिंग, वायसर व नळीच्या सांध्यावरची चकती कुरिअरने आठ दिवसांत घरी येऊ शकते, ती बंदूक त्या परदेशी बंदुकीपेक्षा अधिक विश्वसनीय, जिची चकती फाटल्यावर तिला शोकेसमध्ये ठेवावे लागते.

दुकानात परीक्षा कशी करावी, हेही थोडक्यात पाहू. नळी मोडून पुन्हा मिटल्यावर सांध्यात खेळ आहे काय, हे हाताने डावी-उजवीकडे रेटून पाहावे. थोडाही खेळ असेल तर बंदूक परत द्यावी, कारण माशी नळीवर आणि खाच देहावर असेल, तर सांधा हलला की दोहोंचा संबंध तुटतो. चापाचा ताण एकसारखा असावा. नळी मोडलेली असताना चाप सुटू न देणारा अडसर असला पाहिजे; तो नसेल तर छर्रा घालताना बोटे गमावण्याचा प्रसंग येतो. दुकानदार मागच्या परसात मुभा देईल तर दहा मीटरांवर कागद लावून टेकवून पाच छर्रे झाडावेत. पाचही रुपयाच्या नाण्याखाली झाकले गेले, तर मग ते कागदाच्या मध्यावर आहेत की कोपऱ्यात, याची काळजी करू नये, मध्यावर आणण्यासाठी स्क्रू असतात. छर्ऱ्यांचे निदान दोन-तीन प्रकार न्यावेत. प्रत्येक नळीला एखादा छर्रा मानवतो व दुसरा मानवत नाही, आणि याचे कारण चांगल्या कारागिरालाही नेहमी सांगता येत नाही. चपट्या तोंडाचा छर्रा जवळच्या अंतरावर घुशीसाठी उत्तम. टोकदार छर्रा दिसण्यात शूर असतो, एवढेच.

बंदूक चांगली असूनही जागा वाईट असेल, तर ती चालवू नये. कारखान्याच्या आत, गोदामात किंवा रसायनांच्या टाक्यांच्या आसपास बंदुकीचे नाव काढू नये. घरी झाडावयाची तर नेमाच्या मागे माती, वाळूचे पोते किंवा ओला बांध असलाच पाहिजे. आपल्याकडचा काळा दगड, सिमेंटचा कोबा आणि लोखंडी पिंप यांवरून छर्रा परत उलटतो, आणि पाण्याच्या हौदावरूनही तो तिरका उडतो. मोकळा सुटलेला छर्रा काही शे मीटर जातो, हे वसाहतीच्या दाट वस्तीत क्षणभरही विसरू नये. बंदूक हातात घेऊन रस्त्यावरून फिरणेही टाळावे. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या सदतिसाव्या कलमाखाली जिल्ह्यात वेळोवेळी शस्त्रबंदीचे हुकूम निघतात, आणि लांबून पाहणाऱ्या हवालदाराला छर्ऱ्याची बंदूक व काडतुसी बंदूक यांतील भेद दिसत नाही. न्यावयाचीच असेल तर पिशवीत, न भरलेली, आणि खरेदीची पावती जवळ ठेवून न्यावी.

आता जे सांगावयाचे ते बंदूकविक्रेत्याला आवडणार नाही. उंदराची मादी तीन आठवड्यांत विते, एका वेळी सहा-आठ पिले देते, आणि ती पिले तीन-चार महिन्यांत स्वतः वंश वाढवू लागतात. या गतीशी एका वेळी एक छर्रा झाडणाऱ्या माणसाची स्पर्धा होऊच शकत नाही. दाण्याची कणगी पत्र्याची केली, दाराखालच्या फटीला लोखंडी पट्टी ठोकली, गटाराला जाळी बसविली, उष्टे झाकले, बिळात काचांचे तुकडे व सिमेंट भरले, म्हणजे जो उपद्रव उरतो, त्यातील दोन-चार धीट घुशींसाठी बंदूक आहे. विषाच्या तुलनेत मात्र तिच्या बाजूने एक खरा मुद्दा आहे. झिंक फॉस्फाइड पोटातील आम्लाशी मिळून विषारी वायू सोडते, ब्रोमाडिओलोन रक्त गोठू देत नाही आणि मृत्यू येण्यास काही दिवस लावते. त्या दिवसांत सुस्तावलेली घूस मांजराच्या किंवा घुबडाच्या तोंडी गेली, तर विष पुढे जाते. छर्ऱ्याने मेलेली घूस आपल्यासमोरच पडते आणि पुरता येते. फक्त ती उकिरड्यावर टाकू नये, कारण तिच्यातील शिसे घारीच्या पोटात जाते.

पारव्यांचा त्रास होत असेल त्याने बंदुकीचा नाद सोडून शेडच्या तोंडाला जाळी लावावी. पारवे वर बसतात, पत्र्याखाली बसतात, आणि वर झाडण्याविषयी आधी जे सांगितले ते येथे अधिकच लागू पडते. शिवाय दाणा टाकणारे शेजारी व न टाकणारे शेजारी यांच्यातील कलह दादरच्या कबुतरखान्यावरून २०२५ मध्ये उच्च न्यायालयापर्यंत गेला होता, त्यात बंदुकीची भर कशाला?

बंदूक घरात आल्यावर तिचे खोके फेकून देऊ नये. नियमांतील मर्यादांचा उल्लेख बहुधा त्यावर किंवा आतील पुस्तिकेत असतो, आणि पावतीबरोबर तो जपून ठेवणे सोयीचे. स्प्रिंग दाबलेल्या स्थितीत बंदूक ठेवली तर स्प्रिंग मऊ पडते, म्हणून तशी ती रात्रभर कधीही ठेवू नये. छर्रा न घालता चाप ओढू नये. समोर हवेचा अडथळा नसल्याने दट्ट्या नळीच्या टोकावर आदळतो आणि वायसर चिरते. बंदूक एका कुलपात व छर्रे दुसऱ्या कुलपात ठेवावेत, आणि छर्रे हाताळल्यावर जेवणापूर्वी हात साबणाने धुवावेत, कारण शिसे नखांत राहते. वर्ष-दीड वर्षाने पाच छर्ऱ्यांचा गट कागदावर वर-खाली लांबू लागला, म्हणजे डावी-उजवीकडे ठीक पण उंचीत विस्कळीत, तर छर्ऱ्यांचा वेग दर वेळी कमी-अधिक होत आहे असे समजावे, आणि स्प्रिंग व वायसर बदलून घ्यावे. गट सर्व दिशांनी विस्कटला असेल, तर आधी दस्त्याचे स्क्रू आवळून पाहावेत. निम्म्या वेळा दोष तेवढाच असतो.